निजलेल्या यंत्राचा जागा कान

पुण्यांतील जुन्या वाड्यांत रात्रीं दिंडी दरवाजा लागला, कीं घर निजे. तरी घरांतील एखाद्या वडील माणसाचा कान कडीकडे लागलेला असावयाचाच. वाऱ्यानें कडी हलली तर तें माणूस कूस बदलून पुन्हां झोपे. परंतु परगांवच्या पाहुण्यानें थांबून थांबून कडी वाजविली, तर तत्काळ उठून बसे. वारा कोणता व पाहुणा कोणता हें ओळखण्यांतच त्या झोपेची सारी खुबी होती. आज घरोघरीं जे संगणक दिसतात, त्यांच्या पोटांतहि हीच विद्या चालते. तिचा अल्पसा परिचय वाचकांस करून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

घरचे हिशेब, मुलांचीं टिपणें, लग्नमुंजीचीं छायाचित्रें हें सारें संगणकाच्या ज्या भागांत सांठविलेलें असतें, त्यास डिस्क म्हणतात. संगणकाचा मुख्य भाग व डिस्क यांमध्यें बारीक तारांच्या जोड्या असून त्यांवरून विद्युत्संकेतांची ये-जा चालते. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सीरिअल एटीए’ या नियमावलींत हा वेग सेकंदास दीड अब्ज चिन्हें इतका होता. पुढें तो सहा अब्जांवर गेला. मौज अशी, कीं देण्याघेण्यासारखें कांहीं नसतांनाहि तारेचीं दोन्ही टोकें जागीं ठेवण्यास वीज खर्चावी लागते. ती वांचावी म्हणून नियमकर्त्यांनीं दोन प्रकारची झोप सांगितली आहे. ‘पार्शल’ ही डुलकी. तींतून १० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लक्षांशांत, उठलें पाहिजे. ‘स्लंबर’ ही गाढ झोप. तींतून उठण्यास १० मिलिसेकंदांची, म्हणजे हजारपट, सवलत आहे.

निजतेवेळीं मोठीं मंडळें बंद होतात. एक लहानसें मंडळ तेवढें जागें राहतें. त्यास इंजिनिअर लोक ‘स्क्वेल्च’ म्हणतात. तारेवर खरी हांक आली काय, एवढेंच त्यानें पाहावयाचें. पहिल्या पिढीच्या नियमाप्रमाणें ५० मिलिव्होल्टांहून क्षीण हालचाल ही शांतता समजावयाची, आणि २०० मिलिव्होल्टांहून प्रबळ असेल ती हांक समजावयाची. विजेरींतील साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. ५० मिलिव्होल्ट म्हणजे त्याचा केवळ तिसावा हिस्सा. या दोन मर्यादांमध्यें कोठें तरी उंबरठा बसवावा लागतो, आणि खरी अडचण तेथेंच आहे.

उंबरठा फार खालीं बसविला, तर शेजारच्या तारांचा गोंगाटहि हांक वाटतो. यंत्र विनाकारण दचकून उठतें आणि वांचविलेली वीज वायां जाते. तो फार वर बसविला, तर खरी हांकच ऐकूं येत नाहीं; डिस्क जागच्या जागीं असून संगणकास ती दिसेनाशी होते. शिवाय उष्णतामान व विजेचा दाब बदलला, कीं उंबरठा स्वतःच थोडा सरकतो. कान अधिक तीक्ष्ण करावा, तर त्याचाच विजेचा खर्च वाढतो.

म्हणून शास्त्रज्ञांनीं आवाजाच्या जोडीस तालाचा आधार घेतला. जागें करण्याची हांक म्हणजे सहा छोटे ठोके. प्रत्येक ठोका सुमारें १०७ नॅनोसेकंदांचा, आणि दोन ठोक्यांमधील शांतताहि तितकीच. यंत्रास अगदीं आरंभापासून सुरू करावयाचें असेल, तर हीच शांतता ३२० नॅनोसेकंदांची ठेवतात. वाऱ्यास ताल नसतो. त्यामुळें गोंगाट ओळखूं येतो. पुढें २०१३ सालच्या सुधारणेंत ‘डेव्हस्लीप’ ही तिसरी झोप आली. तींत हा जागा कानहि बंद करून, उठविण्यासाठीं एक स्वतंत्र तार ठेवली आहे.

पुण्याच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, कै. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण याच प्रश्नाशीं झुंजत असते. सुमारें ८८० कोटी वर्षांपूर्वीं एका दूरच्या दीर्घिकेंतील हायड्रोजनापासून निघालेला क्षीण संकेत तिच्या साहाय्यानें ओळखल्याचें २०२३ च्या आरंभीं जाहीर झालें. भेद इतकाच, कीं दुर्बिणीस तासन्‌तास ऐकून बेरीज करण्याची मुभा असते. डिस्कच्या कानास मात्र मायक्रोसेकंदाच्या आंतबाहेर, आणि तेंहि अत्यल्प विजेवर, निर्णय द्यावा लागतो.

यांतून गृहस्थांनीं घेण्यासारखा बोध व्यवहाराचा आहे. संगणक निजून उठल्यावर डिस्क दिसेनाशी झाली आणि तो बंद करून पुन्हां सुरू करतांच ती दिसूं लागली, तर ‘डिस्क गेली’ असें म्हणून ती एकदम टाकून देऊं नये. दोष या झोपजागेच्या व्यवहारांतहि असूं शकतो. वीज वांचविण्याची योजना कांहीं दिवस बंद ठेवून जाणत्याकडून पाहून घ्यावें. मात्र तत्पूर्वीं सर्व मजकुराची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं करून ठेवावी. पूर्वीं घरचीं कागदपत्रें व जुने फोटो फडताळांत जपून ठेवीत असत. तें सारें आतां या निजणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन झालें आहे, आणि त्याचा कान कितीहि शहाणा असला तरी आपली सावधगिरी आपणच बाळगावयास पाहिजे.