विश्वासार्ह प्रवासी कार्ड : तपासणी टळत नाही, आधी होते

या पाठात काय शिकणार?

आंतरराष्ट्रीय विमानतळावर एकाच विमानातून उतरलेले दोन प्रवासी पाहा. एक जण इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेत उभा राहतो. दुसरा एका स्वयंचलित फाटकापाशी जातो, पासपोर्ट ठेवतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि मिनिटभरात बाहेर पडतो. दुसऱ्याची ओळख मोठी म्हणून हे घडत नाही. तो ‘विश्वासार्ह प्रवासी’ म्हणून आधीच नोंदलेला असतो, एवढाच फरक.

ही व्यवस्था कशी चालते, तिच्यामागचे तंत्रज्ञान आणि रांगेचे गणित काय आहे, भारतीय नागरिकाला तिचा लाभ कसा घेता येतो आणि त्या बदल्यात तो काय देतो, हे आपण क्रमाने पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा : या कार्डामुळे तपासणी रद्द होत नाही. ती सीमेवरून उचलून आधीच्या तारखेला नेली जाते. पुढचे सगळे मुद्दे या एका वाक्यातून निघतात.

१. मूळ कल्पना

सुपात धान्य पाखडताना आपण प्रत्येक दाणा हातात घेऊन पाहत नाही. हलके फोल बाजूला उडते, बराचसा स्वच्छ दाणा एका बाजूला जमतो आणि उरलेल्यातले खडे आपण निवडतो. सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढेही असाच प्रश्न असतो. येणाऱ्यांतले बहुतेक लोक निरुपद्रवी असतात, पण प्रत्येकाला तेवढाच वेळ दिला तर ज्याच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे त्याच्यासाठी वेळ उरत नाही. म्हणून जे लोक वारंवार प्रवास करतात आणि स्वतःहून पार्श्वभूमीची चौकशी करून घ्यायला तयार असतात, त्यांना वेगळे काढले जाते. याला जोखमीनुसार वर्गीकरण म्हणतात.

मात्र वेगळे काढलेल्यांचीही अधूनमधून अचानक, कोणत्याही कारणाशिवाय तपासणी होते. ती नसती, तर एकदा कार्ड मिळवले की पुढची पाच वर्षे काहीही नेता येईल, असा हिशेब कोणीही केला असता.

२. जगातली प्रमुख उदाहरणे

अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा खात्याच्या योजना सर्वांत परिचित आहेत.

* ग्लोबल एन्ट्री : २००८ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. विमानाने अमेरिकेत येणाऱ्यांसाठी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून शुल्क १२० डॉलर, मुदत ५ वर्षे. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही.
* नेक्सस : अमेरिका आणि कॅनडा यांची संयुक्त योजना. नायगारा येथील व्हर्लपूल रॅपिड्स पूल तर केवळ नेक्ससधारकांसाठीच राखीव आहे.
* सेन्ट्री : मेक्सिकोच्या सीमेवरून अमेरिकेत येणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका.
* फास्ट : मालवाहू ट्रकच्या चालकांसाठी.
* टीएसए प्रीचेक : ही सीमेची नव्हे, अमेरिकेतल्या विमानतळांवरील सुरक्षा तपासणीची सोय आहे. लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढावा लागत नाही. ग्लोबल एन्ट्रीच्या सदस्यांना ती आपोआप मिळते, पण आपला सदस्य क्रमांक तिकिटात नोंदवावा लागतो.

यांपेक्षा वेगळे म्हणजे एपेक देशांचे व्यावसायिक प्रवास कार्ड. ते जलद मार्गिकेबरोबर सहभागी देशांत व्हिसाचेही काम करते. भारत एपेकचा सदस्य नसल्याने ते भारतीय नागरिक म्हणून आपल्याला मिळत नाही.

येथे नेहमी होणारा गोंधळ दूर करू. ग्लोबल एन्ट्री म्हणजे व्हिसा नव्हे. भारतीय नागरिकाला व्हिसा वेगळा घ्यावाच लागतो. कार्ड रांग लहान करते, प्रवेशाचा हक्क देत नाही.

३. तंत्रज्ञान : कार्डात नेमके काय असते?

नेक्सस किंवा सेन्ट्रीच्या कार्डात आरएफआयडी चिप असते. या चिपमध्ये बॅटरी नसते. मार्गिकेवरील वाचक यंत्र रेडिओ लहरी पाठवते, कार्डातील अँटेना त्यांतूनच ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक परत पाठवते. काही मीटर अंतरावरूनही हे वाचन होते. म्हणून गाडी खिडकीपाशी पोचेपर्यंत आतल्या माणसांची छायाचित्रे आणि माहिती अधिकाऱ्याच्या पडद्यावर आलेली असते.

पासपोर्टमधली चिप वेगळ्या प्रकारची असते. ती काही सेंटिमीटरवरूनच वाचता येते, कारण तिच्यात नाव, जन्मतारीख, छायाचित्र अशी माहिती प्रत्यक्ष साठवलेली असते. याउलट सीमा-कार्डाच्या चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो आणि माहिती सरकारच्या संगणकात असते. तरीही तो क्रमांक कोणी दुरून वाचू नये म्हणून कार्डाबरोबर लहरी अडवणारे पाकीट दिले जाते. गरज नसेल तेव्हा कार्ड त्या पाकिटातच ठेवावे.

विमानतळावर आता कार्डापेक्षा चेहऱ्याचे महत्त्व वाढले आहे. येथे दोन प्रकार नीट ओळखा.

* एकास एक पडताळणी : ‘हा माणूस या पासपोर्टाचाच धारक आहे का?’ समोरचा चेहरा एकाच नोंदीशी ताडला जातो.
* एकास अनेक शोध : ‘या हजारो नोंदींपैकी हा कोण?’ येथे चुकीची जुळणी होण्याची संधी नोंदींच्या संख्येबरोबर वाढते.

दोन्हींत यंत्र ‘होय’ किंवा ‘नाही’ असे थेट सांगत नाही. ते साम्याचा एक गुणांक काढते आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त असेल तर फाटक उघडते. मर्यादा वर नेली तर खऱ्या धारकालाही यंत्र अडवू लागते. खाली आणली तर दुसऱ्याला सोडण्याचा धोका वाढतो. समजा, खऱ्या धारकांपैकी १ टक्का लोक अडतात. मग १००० प्रवाशांमागे १० जणांना अधिकाऱ्याकडे जावे लागेल. म्हणून स्वयंचलित फाटकाजवळ माणूस लागतोच.

४. रांगेचे गणित

‘काही लोक वेगळ्या मार्गाने गेले, तर उरलेल्यांची रांगही कमी होणार’ हे विधान खरे आहे का? एका साध्या प्रतिमानाने तपासू. एक काउंटर धरा. प्रवासी यादृच्छिकपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो. अशा रांगेत एका माणसाचा सरासरी एकूण वेळ असा मिळतो :

सरासरी वेळ (तासांत) = १ ÷ (सेवेचा ताशी दर − आगमनाचा ताशी दर)

स्थिती अ : काउंटरची क्षमता ताशी ६० आणि ताशी ५४ प्रवासी येतात. वेळ = १ ÷ ६ तास = १० मिनिटे.

स्थिती ब : २० टक्के प्रवासी स्वयंचलित फाटकाकडे वळले. आता ताशी ४३.२ प्रवासी उरले. वेळ = १ ÷ १६.८ तास = सुमारे ३.६ मिनिटे. गर्दी पाचव्या हिश्शाने कमी झाली, पण वेळ जवळजवळ तिपटीने घटला.

स्थिती क : प्रवासी कमी झाले म्हणून व्यवस्थापनाने काउंटरची क्षमताही २० टक्क्यांनी कमी करून ताशी ४८ केली. वेळ = १ ÷ ४.८ तास = १२.५ मिनिटे. म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त!

आकडे कल्पित आहेत. प्रत्यक्षात काउंटर अनेक असतात आणि प्रवासी विमानागणिक थव्याने येतात, त्यामुळे अचूक उत्तर वेगळे येईल. पण निष्कर्षाची दिशा महत्त्वाची आहे. जलद मार्गिकेचा लाभ उरलेल्यांना मिळतो की नाही, हे यंत्रावर अवलंबून नसते. मोकळा झालेला अधिकारी त्याच रांगेवर ठेवला की तिथून काढला, यावर ते ठरते. ज्या मजुराने आयुष्यात एकदाच आखातात जाण्यासाठी पासपोर्ट काढला आहे, त्याच्या वाट्याला स्थिती ब येते की स्थिती क, हा धोरणाचा प्रश्न आहे.

५. भारतातील योजना

भारतात ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाच्या टर्मिनल ३ वर सुरू झाला. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद या विमानतळांवर त्याचा विस्तार झाला. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील इमिग्रेशन ब्युरो तो चालवतो. सध्या तो भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांच्यासाठी आहे. नोंदणीला शुल्क नाही.

नोंदणीचे टप्पे असे :

१. योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरा. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टाप्रमाणे अक्षरशः तीच हवी. पासपोर्टाची किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी.
२. छायाचित्र आणि कागदपत्रे जोडा. त्यानंतर अर्जाची छाननी होते.
३. मंजुरीचा संदेश आला की ठरलेल्या विमानतळावर किंवा विदेशी प्रादेशिक नोंदणी कार्यालयात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची प्रतिमा द्या.
४. नोंदणी ५ वर्षे किंवा पासपोर्टाची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर चालते.

येथे वेगळे कार्ड बाळगावे लागत नाही. फाटकावर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास वाचला जातो, मग शरीरचिन्हांची पडताळणी होते. ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाच्या कामाने झिजले आहेत त्यांना नोंदणीवेळी अडचण येऊ शकते. मेंदी नुकतीच काढलेली असेल तर ती फिकी झाल्यावर जावे.

‘डिजियात्रा’शी याची गल्लत करू नका. १ डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेली डिजियात्रा ही टर्मिनलमधील प्रवेश आणि सुरक्षा तपासणीच्या दारापर्यंतची, देशांतर्गत प्रवाशांची सोय आहे. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही. उलट फास्ट ट्रॅक योजनेत केवळ इमिग्रेशनची रांग टळते. सुरक्षा तपासणी आणि कस्टम्स सर्वांना सारखेच.

अमेरिकेला वारंवार जाणारे भारतीय नागरिक २०१७ पासून ग्लोबल एन्ट्रीसाठीही अर्ज करू शकतात. त्यासाठी अमेरिकेच्या बाजूने चौकशी आणि मुलाखत होते. भारताच्या बाजूने पासपोर्ट सेवा यंत्रणेमार्फत पार्श्वभूमीची पडताळणी करून घ्यावी लागते.

६. बदल्यात आपण काय देतो?

*पहिली गोष्ट : चूक करण्याची मुभा.* साध्या प्रवाशाकडे न नोंदवलेले फळ सापडले तर दंड होऊ शकतो. ग्लोबल एन्ट्रीच्या सदस्याचे सदस्यत्वही जाऊ शकते. मुलाकडे निघालेल्या आईच्या बॅगेतला हापूस इथे आठवा. भारतीय आंब्याला अमेरिकेत २००७ पासून परवानगी आहे, पण ती विकिरण प्रक्रिया आणि तपासणी झालेल्या व्यापारी मालाला, बॅगेतल्या डझनभर फळांना नाही. विमानात मिळालेले सफरचंद खिशात राहिले, तरी नियम तोच. शेजारच्यांनी ‘एवढं पोचवा’ म्हणून दिलेला डबा उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका. आणि शंका आली तर वस्तू नोंदवाच. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेली वस्तू विश्वास घालवते.

*दुसरी गोष्ट : इतरांचीही जबाबदारी.* नेक्ससच्या मार्गिकेत गाडीतल्या प्रत्येकाकडे सदस्यत्व लागते. चौघांकडे कार्ड आहे आणि पाचव्या पाहुण्याकडे नाही, तर संपूर्ण गाडीने साध्या रांगेत जायचे.

*तिसरी गोष्ट : हक्क नव्हे, सवलत.* फेब्रुवारी २०२० मध्ये वाहन परवान्यांची माहिती देण्यावरून वाद झाला आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यूयॉर्क राज्यातील रहिवाशांचे नवे अर्ज आणि नूतनीकरण थांबवले. जुलै २०२० मध्ये ही बंदी उठली. दरम्यान अडकलेल्या नागरिकांचा वैयक्तिक दोष काहीच नव्हता.

*चौथी गोष्ट : शरीराची माहिती.* २०१९ साली अमेरिकी सीमा खात्याच्या एका उपकंत्राटदाराच्या संगणकावर हल्ला होऊन प्रवाशांच्या चेहऱ्यांची आणि गाड्यांच्या क्रमांकांची छायाचित्रे बाहेर गेली. पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. चेहरा आणि बोटे बदलता येत नाहीत. म्हणून माहिती कोण ठेवतो, किती काळ ठेवतो आणि आणखी कोणाला देतो, हे संमतीच्या पानावर वाचल्याशिवाय ‘मान्य’ दाबू नये.

७. मग घ्यावे की नाही?

वर्षातून दोन-तीनदा परदेशी जात असाल, तर भारतातील निःशुल्क नोंदणी वेळ वाचवते. अमेरिकेची फेरी पाच वर्षांत एकदाच होणार असेल, तर १२० डॉलर आणि दोन्हीकडची चौकशी हा सौदा महाग पडेल. नियम आणि विमानतळांची यादी बदलत असते, म्हणून अर्जापूर्वी सरकारी संकेतस्थळच पाहा. ‘लवकर मंजुरी’ मिळवून देणाऱ्या दलालाला पासपोर्टाची प्रत देऊ नका.

सारांश

विश्वासार्ह प्रवासी योजना तपासणीची वेळ बदलते. आधी दिलेली माहिती आणि नंतर पाळलेला प्रत्येक नियम यांवर हा विश्वास टिकतो. रांग कोणासाठी लहान होते, हे मात्र यंत्र नव्हे, यंत्रणा चालवणारे ठरवतात.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात ३० टक्के प्रवासी फाटकाकडे वळले आणि काउंटरची क्षमता ताशी ५० केली, तर सरासरी वेळ किती येईल? स्थिती अ शी तुलना करा.
२. सीमा-कार्डाच्या चिपमध्ये नाव न ठेवता केवळ क्रमांक का ठेवतात?
३. साम्याची मर्यादा फार वर नेल्यास कोणत्या प्रवाशांना सर्वाधिक त्रास होईल? कारणे द्या.