सपाट स्लॅबचे विश्लेषण
सपाट स्लॅब म्हणजे तुळयांविना थेट स्तंभांवर टेकलेला प्रबलित काँक्रीटचा स्लॅब. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत सी. ए. पी. टर्नर आणि स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट मायार यांनी तो स्वतंत्रपणे विकसित केला. तुळया नसल्याने मजल्याची उंची वाचते व सेंट्रिंग सोपे होते. मात्र भार कोणत्या वाटेने स्तंभाकडे जातो हे उघड दिसत नाही.

आरंभीच्या अनेक स्लॅबमध्ये पोलाद फारच कमी असे. १९१४ मध्ये जे. आर. निकोल्स यांनी केवळ समतोलाच्या आधारे दाखवले, की गाळ्यावरील संपूर्ण भाराचा नमन आघूर्ण (बेंडिंग मोमेंट) दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे पेलावा लागतो. या निष्कर्षावर तेव्हा बरीच टीका झाली. समान भाराखाली हा एकूण आघूर्ण, म्हणजे भार गुणिले निव्वळ गाळा भागिले ८, कोणतीही पद्धत घेतली तरी बदलत नाही. पद्धतींत फरक पडतो तो त्याच्या वाटपात.

भारतीय मानक ४५६ (२०००) दोन पद्धती देते. थेट अभिकल्प पद्धतीत आतील गाळ्यात ६५ टक्के आघूर्ण आधारांपाशी व ३५ टक्के मध्यभागी धरतात. त्यासाठी प्रत्येक दिशेत किमान तीन सलग गाळे, लांबी-रुंदीचे गुणोत्तर २ पेक्षा अधिक नसणे आणि चल भार स्थिर भाराच्या तिपटीहून जास्त नसणे अशा अटी आहेत. वाऱ्याच्या वा भूकंपाच्या आडव्या भारांसाठी ती उपयोगी नाही. अटी मोडत असल्यास समतुल्य चौकट पद्धत वापरतात. तिच्यात स्तंभांच्या रांगेनुसार इमारतीच्या द्विमितीय चौकटी कल्पिल्या जातात. स्तंभ विस्कळीत असल्यास किंवा स्लॅबला मोठी भोके असल्यास सांत घटक पद्धत सोयीची ठरते. परंतु स्तंभ बिंदुरूप मानल्यास तेथील आघूर्ण जाळी बारीक करू तसा वाढतच जातो. म्हणून ठरावीक रुंदीवरील सरासरी घ्यावी लागते. संगणकाने दिलेला कमाल आकडा तसाच उचलणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

आघूर्ण अचूक काढले तरी स्तंभ स्लॅबला भेदून वर येण्याचा, म्हणजे पंचिंग शिअरचा, प्रश्न उरतोच. त्याची तपासणी स्तंभाच्या कडेपासून स्लॅबच्या परिणामी खोलीच्या निम्म्या अंतरावर वेगळी करावी लागते. हे अपयश फारशी पूर्वसूचना न देता येते आणि एका स्तंभाचा भार शेजारच्या स्तंभांवर जाऊन पडझड पसरते. सोल येथील साम्पुंग हे सपाट स्लॅबचे दुकान-संकुल २९ जून १९९५ रोजी अशाच प्रकारे कोसळले व ५०२ जण मृत्युमुखी पडले. तेथे स्तंभांची जाडी कमी केलेली होती आणि छतावर अवजड वातानुकूलन यंत्रे बसवली होती.