पत्र्याची पाठशुद्धी

मुंबईहून इंदूरला जाणारा जुना आग्रा रस्ता शहापूर तालुका ओलांडून कसारा घाट चढतो आणि नाशिक, धुळे करत माळव्यात पोचतो. शेजारच्या मुरबाडातून जाणारा रस्ता माळशेज चढून जुन्नरकडे वळतो. अशा घाटरस्त्यांच्या कडेला गॅरेजवाल्याची एक ठरलेली रीत असते. सुटा भाग मिळाला नाही, तर दुसऱ्या गाडीचा घासूनपुसून बसवायचा. तोही नसला, तर लेथवर काढून घ्यायचा. आग्रा रस्त्यावरच्या इंदुरात, यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या दिमतीला, जगात जोड नसलेली एक स्पोर्ट्‌स कार होती. राजाची ती मोटार आणि रस्त्याकडेचं हे गॅरेज यांचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण एकमेव मोटार पुन्हा उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींकडे मिळून आहे. ‘नव्यासारखी करणं’ हे ते उत्तर नव्हे, असं माझं म्हणणं आहे. एकमेव गाडीचं मूळ रूप कारखान्यात जपून ठेवलेलं नसतं. तिच्यावर कुणाकुणाचे हात फिरले, याच्या नोंदीतच ते सापडतं.

होळकरांची गाडी ड्यूसेनबर्ग एसजे जातीची होती. ही अमेरिकन कंपनी चॅसिस आणि इंजिन विकायची. त्यावरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. आठ सिलिंडरचं, जवळपास सात लिटरचं, सुपरचार्जर लावलेलं हे इंजिन ३२० अश्वशक्तीचं असल्याचा कंपनीचा दावा होता. लंडनच्या जे. गर्नी नटिंग या पेढीने त्यावर लांबलचक, उघडी बॉडी चढवली आणि तिला भगवा नि काळा रंग दिला. सांगाडा इंडियानापोलिसचा, पत्रा लंडनचा, हुकूम इंदूरचा. मग मूळ गाव कोणतं म्हणायचं? १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीचाच कारभार आटोपला. अशा गाडीला ‘कंपनीच्या मापाप्रमाणे’ हा निकष लावता येत नाही, कारण अख्ख्या गाडीचं माप कुठल्याच एका कंपनीकडे कधी नव्हतं.

हरवून पुन्हा सापडलेल्या गाडीत हा पेच आणखी घट्ट होतो. नॉर्मन टिम्स या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःसाठी एकच मोटार केली. नळ्यांचा सांगाडा, मागच्या बाजूला ब्यूइकचं आठ सिलिंडरचं इंजिन, दरवाजे मुळीच नाहीत आणि सगळं शेपूट उचललं जाईल अशी बिजागरीवरची बॉडी. लाकडी साच्यावर अॅल्युमिनियम ठोकून एमिल डीट या कारागिराने ती घडवली. मासिकांतून गाजलेली ही गाडी पुढे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उन्हापावसात पडून राहिली. २००२ मध्ये ती लिलावात निघाली आणि पुनर्बांधणीनंतर २०१० मध्ये लोकांसमोर आली. २०१८ मध्ये एका वणव्यात ती जळाली. अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे पत्रा गेला आणि पोलादी सांगाडा उरला. बॉडी पुन्हा घडवावी लागली. आता ही टिम्सची गाडी की तिची नक्कल? डीटच्या हातोडीचा एकही घाव त्यावर नाही, म्हणून नक्कल म्हणावं तर मूळ सांगाडा आडवा येतो. अस्सल म्हणावं तर नवा पत्रा. माझ्या मते काय उरलं, काय नव्याने केलं आणि कशाच्या आधारावर केलं, हे उघड मांडलेलं असेल तर ती टिम्सचीच गाडी. ते लपवलं, तर मूळ सांगाडा असूनही ती नक्कलच.

गाडीवर फिरलेल्या हातांची ही नोंद कारागीर कशी वाचतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. तो दरवाजाच्या आतल्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासतो. रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाखाली एक उघडे पडतात: वरचा अलीकडचा, खाली लांबी (पुट्टी), त्याखाली आणखी एक रंग, तळाशी प्रायमर. पत्रा लोखंडी असेल तर तो लोहचुंबक फिरवतो. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे आणि खाली जुना पोचा. अॅल्युमिनियम ठोकण्याआधी मऊ करायचं, तर गॅसच्या धुराने त्यावर काजळी धरायची आणि ती उडेपर्यंतच तापवायचं. त्यापुढे गेलं की पत्रा हातचा गेला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, त्या जातीचं हे काम आहे. फरक एवढाच की नाथांपुढे प्रती होत्या. इथे पोथी एकच आहे. ताडून पाहायला दुसरी प्रत नसताना गाळलेला शब्द अंदाजाने भरायचा झाला, तर तो अंदाज आहे असं समासात लिहिणं ही सचोटी ठरते.

यावर पहिला आक्षेप असा, की मोटार ही पोथी नव्हे. ती चालली पाहिजे. मान्य. ब्रेक आणि स्टिअरिंग यांत इतिहासाचं कौतुक नको, झिजलेलं बदलावंच. पण काढलेला भाग भंगारात न टाकता चिठ्ठी बांधून ठेवायला कुणाची आडकाठी आहे? शिवाय चकाकी आणि किंमत यांचं नातं वाटतं तेवढं सरळ नाही. ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटातली मस्टँग अनेक दशकांनी, २०१८ मध्ये उजेडात आली, तेव्हा मालकांनी तिला नवी केली नव्हती. चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणांवरूनही ती ओळखता आली. २०२० मध्ये तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. आधीच रंगवून गुळगुळीत केली असती, तर तो पुरावा पुसला गेला असता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: कुणा मेकॅनिकने दुसऱ्याच गाडीचा पंप ठोकून बसवला, तर तो इतिहास कसला, ती तर मोडतोड. काही वेळा असेलही. पण स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि परदेशी सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं. त्या काळात भारतात जुनी गाडी चालती राहिली ती याच ‘मोडतोडी’मुळे. तो पंप त्या काळच्या व्यापारधोरणाचा साक्षीदार आहे. तो गुपचूप काढून परदेशातून मागवलेला चकचकीत पंप बसवणं म्हणजे गाडीच्या आयुष्यातली काही दशकं खोडून टाकणं.

कायद्यालाही हा पेच नीट सुटलेला नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिची नव्याने नोंदणी झाली तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की ती मूळ रूपात असावी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हजारोंनी निघालेल्या गाड्यांसाठी ही अट शहाणपणाची आहे, कारण ताडून पाहायला तिथे नमुना आहे. शिवाय अट सैल केली तर कुणीही भंगारातून ‘एकमेव’ गाडी जुळवून आणेल, ही भीतीही खोटी नाही. म्हणून अट सैल करू नये, पुरावा कडक मागावा: जुने फोटो, थरांची तपासणी, काढलेल्या-बसवलेल्या भागांची यादी. ज्याने इमानाने काम केलं त्याच्याकडे हे असतंच. बनवाबनवी करणाऱ्याला ते उभं करणं जड जातं.

राहता राहिला तिसरा आक्षेप: हे श्रीमंतांचे चोचले, शहापूर-मुरबाडच्या माणसाला त्याचं काय? मालकी श्रीमंतांची, हे खरंच. पण गाडीवर झालेलं काम मालकाचं नसतं. राजाचं नाव कागदोपत्री राहतं, बॉडी घडवणाऱ्या पेढीची पितळी पट्टी राहते. लेथवर भाग काढून ज्याने गाडी चालती ठेवली, त्याची ओळ मात्र कुठेच नसते. पोथीची नक्कल करणारा शेवटी आपलं नाव, गाव आणि शक लिहून ठेवत असे. त्याशिवाय पोथी पुरी झाली असं तो मानत नसे. मोटारीच्या पाठशुद्धीलाही तेवढी एक ओळ हवी.