फॉरमॅट मारण्याआधी घड्याळ बघा

रत्नागिरीत ढग गडगडू लागले की टीव्ही-संगणकाचे प्लग काढून ठेवायची घरोघरी सवय आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात ती योग्यच. पण तिचा भुर्दंड मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलला बसतो. प्लग भिंतीत असेपर्यंत संगणकाच्या घड्याळाला बहुतेक वेळा भिंतीतलीच वीज पुरते. तो निघाला की सगळा भार तीन व्होल्टच्या ‘सीआर २०३२’वर. सेल जुना असेल तर तो अशाच दिवसांत मान टाकतो, आणि लाइट आल्यावर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ उमटते. त्यावरचं निदानही ठरलेलं : हार्ड डिस्क उडाली, फॉरमॅट मारा. संगणकात दोन डिस्क असतील तर हे निदान बहुधा घाईचं असतं. विंडोज जागेवरच असते, तिच्याकडे जायची वाट तेवढी हरवलेली असते.

अलीकडे जुन्या पीसीला वेग यावा म्हणून एसएसडी बसवतात आणि आधीची हार्ड डिस्क फायली साठवायला तशीच ठेवतात. कोणत्या डिस्ककडे आधी जायचं ही नोंद बायोसच्या, म्हणजे विंडोजआधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये असते. जुन्या मदरबोर्डांवर सेल संपला की ही सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि बायोस साठवणीच्या डिस्कवर विंडोज शोधत बसतो. डिस्क जोडण्याची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर गेली, तर विंडोज निम्म्यात निळा पडदा दाखवून थांबते. तिसरा घोळ अधिक फसवा. नव्या यूईएफआय पद्धतीत सुरुवातीच्या फायली साधारण १०० एमबीच्या एका छोट्या कप्प्यात असतात. एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर इन्स्टॉलर अनेकदा त्या जुन्या डिस्कवरचाच कप्पा वापरतो. म्हणजे विंडोज एका डिस्कवर, किल्ली दुसरीवर. पुढे हार्ड डिस्क काढली की धडधाकट एसएसडी मुकी होते, आणि दोष तिच्याच माथी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (नावांनी गोंधळ वाढवलाच आहे : मायक्रोसॉफ्टच्या भाषेत सुरुवातीच्या फायलींचा कप्पा तो ‘सिस्टीम’, आणि विंडोजचा तो ‘बूट’!)

म्हणून पहिली नजर बायोसमधल्या तारखेवर टाकावी. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर सेल संपलाय. मग दोन्ही डिस्कची नावं दिसतात का ते पाहावं. दिसत असतील तर एसएसडी क्रमात वर आणावी, तीही कंपनी आणि मॉडेल वाचून. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ हे क्रमांक बदलू शकतात. एवढ्यानं भागलं नाही तर प्लग काढून एकेका डिस्कची केबल सोडवावी आणि एकटी कोण चालू होते ते बघावं.

यावर दुकानदार म्हणेल, एवढी शोधाशोध करण्यापेक्षा नवी विंडोज टाकणं लवकर होतं. शाळेच्या लॅबमध्ये हे मान्य. पण आंब्याच्या हंगामाची बिलं ज्या पीसीत आहेत तिथे इन्स्टॉलरच्या यादीत दोन सारख्या आकाराच्या डिस्क नुसत्या क्रमांकांनी समोर येतात, आणि नको ती पुसली जायला एक क्लिक पुरतं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : डिस्क खरंच गेली असेल तर? केबल बदलूनही बायोसमध्ये ती दिसत नसेल किंवा आतून टकटक ऐकू येत असेल, तर शंका खरी. पण तेव्हाही फॉरमॅट हा उपाय नव्हेच. पुन्हापुन्हा चालू करून पाहण्याऐवजी आधी डेटा वाचवणाऱ्याकडे जावं लागतं. लाइट अचानक गेल्यानं सुरुवातीच्या फायली बिघडल्या असतील, तर पेनड्राइव्हवरून विंडोज सुरू करून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेनं त्या नव्यानं मांडता येतात. बिलांना हात लागत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेलं असेल तर बायोसमधल्या बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती त्याच संगणकात जपून ठेवलेली असली तर काहीच उपयोग नाही.