गाडी कुठे तापते, ते आधी विचारा

यामाहा आर-१५ (२००८) व पल्सर २०० एनएस (२०१२) आल्यापासून रेडिएटरवाल्या मोटरसायकली मोहन्याच्या गॅरेजांतही येतात. गाडी तापली की काही कारागीर बांधव थेट हेड गॅस्केट बदलतात. गिऱ्हाइकाला नाहक भुर्दंड! आम्ही आधी विचारतो : शहाडच्या गर्दीतच तापते की मोकळ्या रस्त्यावरही?

गर्दीतच तापत असेल तर पंखा पाहावा. बॅटरीवरून थेट जोडल्यावर फिरला, तर दोष फ्यूज, रिले, सेन्सर किंवा वायरिंगचा. धावतानाही तापत असेल तर कूलंट कमी आहे का, रेडिएटरची जाळी चिखलाने बुजली आहे का, हे पाहावे. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडावे. आम्ही एकदा हात भाजून घेतला आहे. इंजिन तापूनही रेडिएटर थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा वॉटर पंप बंद असेल. हवा काढल्यावरही कूलंटमध्ये बुडबुडे येतच राहिले, तर मग गॅस्केटवर संशय घ्यावा.