त्वचेचा कॅन्सर : आपला काय संबंध?

त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्यांचा रोग, अशी आपल्या मंडळींची ठाम समजूत आहे. समुद्रकिनारी तासन्‌तास उन्हात पडून राहण्याची आपल्याला हौस नाही, आणि सावळ्या-गव्हाळ रंगात निसर्गानेच थोडेफार संरक्षण दिले आहे. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. आपल्यात हा रोग कमीच. पण होतो तेव्हा बहुधा उशिरा सापडतो, कारण शंका कोणालाच येत नाही. आमच्या घरात हा विषय आला तो आम्हा दोघांपैकी एकाच्या टाचेवरच्या काळ्या डागामुळे. त्यानंतरच्या उपचारांत आणि तपासण्यांत जे कळलं ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

या रोगाशी आपला संबंध जुना आहे बरं का! मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद केली. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी काच बसून कातडी निबर होते, तिचा रंग उडतो, आणि क्वचित तिथे न भरणारी जखम होते. परकराच्या नाडीनेही हेच होऊ शकते. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही असा कॅन्सर उद्भवतो. यात उन्हाचा काही हात नाही.

मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कॅन्सर सावकाश वाढतो आणि सहसा दुसरीकडे पसरत नाही. आपल्या कातडीवर तो पुष्कळदा काळपट दिसतो, म्हणून तीळ समजला जातो. दुसरा स्क्वेमस सेल. वर सांगितलेले कॅन्सर याच जातीचे. तो पसरू शकतो. तिसरा मेलानोमा, सर्वांत धोक्याचा. सावळ्या लोकांत तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याला झाला आणि १९८१ साली अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

निदान बायोप्सीशिवाय होत नाही. “बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो” हे आपल्याकडचं वाक्य मनातून काढून टाकावं.

पहिल्या दोन प्रकारांत मुख्य उपाय म्हणजे भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट गाठ कापून काढणे. डाग नाक, पापणी, ओठ अशा नाजूक जागी असेल तर मोज सर्जरीबद्दल जरूर विचारावे. विस्कॉन्सिनच्या डॉ. फ्रेडरिक मोज यांनी १९३०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. एक पातळ थर काढायचा, तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कडेला रोग उरला असेल तेवढ्याच भागातून पुढचा थर काढायचा. भूल फक्त त्या जागेपुरती असते. दिवस मात्र जातो, पुस्तक बरोबर न्यावे! पहिल्यांदाच झालेला बेसल सेल कॅन्सर याने ९९ टक्क्यांपर्यंत बरा होतो. अगदी वरवरच्या डागांना खरवडून जाळणे, द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे, किंवा काही आठवडे लावायचे मलम चालू शकते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर रेडिएशन.

मेलानोमाचा हिशेब मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर साधारण एक सेंटिमीटर निरोगी कातडी बरोबर काढतात. दोन मिलिमीटरच्या पुढे गेला तर दोन सेंटिमीटर. खोली जास्त असेल तर काखेतली किंवा जांघेतली पहिली रसग्रंथी काढून तपासतात. ‘नुसत्या डागासाठी’ एवढं कापतात कशाला, असं भेटायला येणारे विचारतात. उत्तर या मिलिमीटरमध्ये आहे.

पसरलेल्या मेलानोमाचे चित्र २०११ नंतर पालटले. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना लागलेले ब्रेक सोडवणारी औषधे आली. त्यामागच्या संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ साली यकृतात आणि मेंदूत पोचला होता. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि यातले एक औषध घेऊन ते शंभरी गाठून २०२४ साली वारले. सगळ्यांनाच असा गुण येतो असे नाही. ही औषधे थायरॉइड, आतडी, फुप्फुसे यांनाही त्रास देऊ शकतात, कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. तेव्हा जुलाब लागले, दम लागला, तर “बाहेरचं खाल्लं असेल” म्हणून घरगुती काढ्यावर थांबू नये. कॅन्सरच्या डॉक्टरांना लगेच फोन करावा.

टाके निघाले म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. एकदा त्वचेचा कॅन्सर झालेल्याला दुसरा होण्याची शक्यता जास्त असते. मेलानोमानंतर पहिली काही वर्षे, रोगाच्या पायरीप्रमाणे, दर तीन ते बारा महिन्यांनी तपासणी होते आणि पुढे वर्षातून एकदा, जन्मभर. डॉक्टर सर्वांगाची कातडी बघतात, रसग्रंथी चाचपतात. जाताना नेलपॉलिश काढून जावे. मेंदीचे हातपाय घेऊन जाऊ नये, डाग झाकले जातात.

घरी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आपण होऊन बघावे: तळपाय, बोटांच्या बेचक्या, जोडव्यांखालची जागा, नखे, कंबर. पाठ आणि डोके दुसऱ्याने बघायचे. आमच्याकडे आता पहिला रविवार ठरलेला आहे. एका बाजूने वेगळा दिसणारा, वेड्यावाकड्या कडांचा, अनेक रंगांचा किंवा वाढणारा डाग, नखावरची नवी रुंदावत जाणारी काळी रेघ, महिनाभर न भरणारी जखम, यांपैकी काही दिसलं तर अपॉइंटमेंट घ्यावी. उन्हात टोपी, पूर्ण बाह्या, आणि तीस किंवा त्याहून जास्त एस.पी.एफ.चे सनस्क्रीन दर दोन तासांनी. शस्त्रक्रियेच्या व्रणालाही ऊन लागू देऊ नये.

आणि एक. पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत स्वतःजवळ ठेवा. गाव बदललं, इन्शुरन्स बदलला, भारतात मुक्काम लांबला, तरी नवीन डॉक्टरला पहिल्या दिवशी तोच कागद हवा असतो. देशातून आई-वडील येतात तेव्हा त्यांचेही पाय एकदा उजेडात बघा. पाया पडायला आपण वाकतोच, तेव्हा तळवेही दाखवा म्हणावं!