मागचे चाक काय सांगते?

पावसाळा सरला आणि आमच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकातून घरघर सुरू झाली. गॅरेजवाल्याने पाहताक्षणी "चेन गेली" म्हणत चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलली. पैसे गेले, आवाज राहिला. दोन दिवसांनी पत्नीला आणि धाकटीला मागे बसवून बहिणीच्या गावी जायचे होते. मन धजेना. शेवटी मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्रीचाचांना गाडी दाखवली.

चाचांनी पान्याला हात लावण्याआधी विचारले, "बेटा, आवाज कधी येतो? पिकअप घेताना की नुसती गाडी पळताना? ब्रेक दाबल्यावर बदलतो का?" मला एकाचेही उत्तर देता येईना. खरे तर निम्मे निदान याच उत्तरांत असते.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चाळीसच्या वेगात आणून क्लच दाबावा. इंजिन मंदावले तरी आवाज चाकाच्या वेगानेच येत राहिला, तर दोष मागच्या बाजूला. पिकअप घेताना वाढणारी आणि क्लच दाबताच हलकी होणारी खरखर बहुधा चेनची असते. पिकअप सोडता-धरताना एकच "खट्" वाजले, तर चेनची ढील आणि हबमधले रबर तपासावे. ब्रेकचे पेडल किंचित दाबल्यावर आवाज बदलला, तर ब्रेक शू पाहावेत. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला कुंईकुंई होऊन थांबली, तर ड्रममधला दमटपणा म्हणून सोडून द्यावे. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज मात्र लायनर संपल्याची खूण आहे.

मग गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चाक हाताने फिरवताना बोटे चेनपासून दूर ठेवावीत. इंजिन चालू ठेवून चेन पुसण्याच्या नादात बोटे गमावलेली माणसे आहेत. चाक फिरवत चेनची ढील तीन-चार ठिकाणी पाहावी. बहुतेक साध्या गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलिमीटर चालते. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल असेल तर चेन झिजली. त्यानंतर चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. चाक खडखडले तर बेअरिंग. चाकासोबत मागचा फोर्कही हलला तर त्याचे बुश.

आमच्या चाकात प्ले फारसा नव्हता, पण फिरवताना खरखर हाताला जाणवत होती. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या दोन बेअरिंगशिवाय तिसरे बेअरिंग स्प्रॉकेटच्या ड्रममध्ये असते. तेच गंजले होते. धुताना हबवर पाण्याचा जोराचा फवारा मी स्वतःच मारत असे! अशी गाडी पळत राहिली, तर बेअरिंग फुटून चाक डगमगू शकते किंवा जाम होऊ शकते.

आणखी एक आवाज चेनपेक्षाही आधी ऐकावा: फडफड. ओढणी, बुरख्याचा घोळ किंवा साडीचा पदर चाकाजवळ आल्याचा. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो. पोरे "लूक" बिघडतो म्हणून हे साडी गार्डच काढून टाकतात. आमच्याही गाडीचे माळ्यावर पडले होते. चाचांनी ते आणायला लावले, बेअरिंगसोबत बसवले आणि मगच चावी हातात दिली.